लेमेल्सनची पेटंटं: सातबारा १९५४चा, चतुःसीमा नंतरची

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे चाकणजवळच्या एका कारखान्यात, कॅमेऱ्याने बाटल्यांची झाकणं तपासणाऱ्या लाइनवर काम करतात. साहेबांनी त्यांना सांगितलं की कॅमेऱ्याने माल तपासायची कल्पना मुळात जेरोम लेमेल्सन या अमेरिकन माणसाची आणि त्याच्या नावावर सहाशेच्या आसपास पेटंटं आहेत. घरी येऊन वाचायला बसले तर निम्मे लोक त्याला एडिसनच्या पंगतीत बसवतात आणि बाकीचे सरळ खंडणीबहाद्दर म्हणतात. मग त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. हा माणूस खरा की खोटा? १९५४चा अर्ज असताना पेटंटं थेट १९९०च्या दशकापर्यंत कशी मिळत राहिली? आणि शेवटच्या ओळीत, जरा चाचरत: माझ्याकडेही एक कल्पना आहे, अर्ज टाकून तो असाच लांबवत ठेवला तर फायदा होईल का?

तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण त्याला फार वेळ लागत नाही. नाही होणार. का नाही, ते खाली येईलच.

मी पुण्यात बावीस वर्षं पेटंट अर्ज लिहितो. निम्मं काम इथल्या कारखानदारांचं, निम्मं अमेरिकेत दाखल होणाऱ्या अर्जांचं. लेमेल्सनचं नाव आमच्या धंद्यात शिकाऊ पोराला पहिल्या वर्षातच कळतं आणि बहुतेक वेळा शिवी म्हणूनच कळतं. मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो. पुढे त्याच्या खटल्याचे निकाल सलग बसून वाचले तेव्हा लक्षात आलं की “खरा की खोटा” या प्रश्नातून काही हाती लागत नाही. हाती लागतं ते दोन तारखा शेजारी ठेवल्यावर: वर्णन कधी लिहिलं, आणि हक्क कधी सांगितला.

पेटंटच्या कागदात दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि बाहेरच्या माणसाला त्यातला फरक कोणी सांगत नाही. पहिली म्हणजे वर्णन: यंत्र कसं आहे, कसं चालतं, आकृत्या वगैरे. दुसरी म्हणजे शेवटी क्रमांक घालून लिहिलेले क्लेम, म्हणजे “यातलं एवढं माझं” असं सांगणारी वाक्यं. जमिनीच्या भाषेत सांगायचं तर वर्णन म्हणजे शिवारात उभं राहून “ही बघा आमची जमीन, इकडे विहीर, तिकडे आंबा” असं दाखवणं. क्लेम म्हणजे खरेदीखतातली चतुःसीमा. कोर्टात भांडण होतं ते चतुःसीमेवर. आंब्याला तिथे कोणी विचारत नाही.

आता अशी सोय डोळ्यांसमोर आणा, की सातबाऱ्यावर तुमचं नाव १९५४ पासून लागलेलं आहे, पण चतुःसीमा लिहायची मुभा तुम्हाला पुढे कधीही आहे. शेजाऱ्याने बंगला बांधला, वास्तुशांत झाली, की मग तुम्ही चतुःसीमा अशी लिहायची की बंगल्याचा दिवाणखाना तुमच्या हद्दीत आला पाहिजे. आणि नाव मात्र १९५४ पासूनच लागलेलं, त्यामुळे शेजारी “मी आधी आलो” असं म्हणूच शकत नाही. लेमेल्सनबद्दलची सगळी तक्रार एवढीच आहे.

हे अमेरिकेत शक्य झालं ते तीन नियम एकत्र आल्यामुळे. एक, तिथे पेटंटची मुदत मंजुरीच्या दिवसापासून १७ वर्षं असायची. अर्ज कधी केला याच्याशी तिचा संबंध नव्हता. दोन, पेटंट मंजूर होईपर्यंत अर्ज गुप्त राहायचा. तीन, एक अर्ज मंजूर व्हायच्या आत त्याच वर्णनावर पुढचा अर्ज टाकता यायचा, त्यात नवे क्लेम लिहिता यायचे आणि तारीख मात्र पहिल्या अर्जाची लागायची. याला कंटिन्युएशन म्हणतात. किती वेळा टाकायचा यावर मर्यादा नव्हती. समजा १९५४च्या वर्णनावरचा एक क्लेम १९९० साली मंजूर झाला, तर तो २००७ पर्यंत जिवंत. मूळ वर्णन लिहिलं तेव्हा जन्मलेलं पोर तोवर त्रेपन्न वर्षांचं झालेलं असतं. असं पेटंट पाण्याखाली दिसत नाही आणि जहाजं जमली की वर येतं, म्हणून त्याला सबमरीन पेटंट हे नाव पडलं.

आता माणसाकडे येऊ. लेमेल्सनचा जन्म १९२३चा, न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमधला. शिकलेला इंजिनिअर, न्यूयॉर्क विद्यापीठातून विमानशास्त्र आणि औद्योगिक अभियांत्रिकीच्या पदव्या. काही वर्षं नोकरी करून मग आयुष्यभर स्वतंत्र संशोधक म्हणून जगला. वह्याच्या वह्या भरून कल्पना लिहायचा आणि बरेचसे अर्ज स्वतःच तयार करायचा. खेळणी, यंत्रमानव, गोदामं, कॅसेट, वैद्यकीय उपकरणं, काही सोडलं नाही. स्वयंचलित गोदामाचं तंत्र त्याने १९६४ साली एका कंपनीला दिलं, १९७४ साली कॅसेट चालवणाऱ्या यंत्रणेचा परवाना सोनीने घेतला. म्हणजे नुसता कागदी वाघ नव्हता. उमेदीच्या काळात त्याला चटकेही बसले. नाश्त्याच्या धान्याच्या खोक्यावर कापून काढायचा मुखवटा छापायची कल्पना घेऊन तो एका कंपनीकडे गेला होता. त्यांनी नको म्हटलं, आणि काही वर्षांनी तसाच मुखवटा त्यांच्या खोक्यावर आला. खटला केला, हरला. पुढे खेळण्यातल्या गाड्यांच्या लवचिक रुळांवरून मॅटेल कंपनीविरुद्ध १९८९ साली ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला, रक्कम वाढत ७ कोटी १० लाख डॉलरवर गेली, आणि १९९२ साली अपिलात सगळी पुसली गेली. कंपन्यांबद्दल त्याच्या मनात काय साठलं असेल याचा अंदाज येतो. माझ्या टेबलासमोर बसलेल्या एकांड्या संशोधकांमध्ये मी तो राग नेहमी पाहतो, आणि बऱ्याचदा तो रास्त असतो.

तुमच्या लाइनशी ज्याचा संबंध, तो अर्ज २४ डिसेंबर १९५४चा. दुसरा १९५६चा. त्यातली कल्पना अशी: वस्तू ठरलेल्या जागी नेमकी आणून ठेवायची, तिच्यावरून कॅमेरा फिरवायचा, मिळालेला सिग्नल चुंबकीय पट्टीवर नोंदवायचा आणि चांगल्या नमुन्याच्या सिग्नलशी ताडून पाहायचा. त्या काळात हे लिहिणं ही खरोखरच दूरदृष्टी होती, इथे मी हात आखडता घेणार नाही. पेटंट ऑफिसने म्हटलं की यात एकापेक्षा जास्त शोध आहेत, एकेक निवडा. हे नेहमीचंच आहे, माझ्या फायलींवरही हा शेरा येतो. त्यातलं एक पेटंट १९६३ मध्ये मंजूरही झालं. त्यामुळे “वर्णन कोणी पाहिलंच नव्हतं” असं म्हणता येत नाही, आणि लेमेल्सनचे समर्थक हा मुद्दा मांडतात तो बरोबर आहे. पण त्या पेटंटातून जमीन दिसत होती, चतुःसीमा दिसत नव्हती. ती पुढची तीस वर्षं, एकामागून एक अर्ज टाकत लिहिली जात राहिली. दरम्यान बाहेर संगणक आला, मायक्रोप्रोसेसर आला, कारखान्यात कॅमेरे लागले, दुकानात बारकोड आला. नवे क्लेम त्या यंत्रांच्या अंगावर बेतून शिवलेल्या कपड्यासारखे दिसू लागले.

बारकोडचं नाव आलंच आहे तर इथे थोडं थांबतो, कारण या वादाचं माप मला याच गोष्टीतून सर्वात नीट कळलं. बारकोडची मूळ कल्पना नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांची. अर्ज ऑक्टोबर १९४९, मंजुरी ऑक्टोबर १९५२. सरळ मार्गाने गेले, तीन वर्षांत पेटंट हातात, १७ वर्षं सुरू. पण लेसर नाही, स्वस्त संगणक नाही, वाचणार कशाने? शेवटी १५,००० डॉलरला ते पेटंट विकून टाकलं. १९६९ साली त्याची मुदत संपली. ओहायोतल्या ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात च्युइंगगमचं पाकीट स्कॅनरवरून गेलं ती तारीख २६ जून १९७४. बारकोडच्या व्यापाराची सुरुवात तिथून धरतात. ज्यांनी बारकोड काढला त्यांचं पेटंट पाच वर्षं आधीच मेलेलं होतं. आणि १९९०च्या दशकात बारकोडवर परवाना शुल्क मागत कोण उभं होतं, तर लेमेल्सन, १९५४ आणि १९५६ची कागदपत्रं घेऊन! आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी सहसा संशोधकांसाठी वापरत नाही. इथे मात्र ती ओठावर येते.

पैसा कसा आला तेही पाहा. जेराल्ड होझियर नावाचा वकील त्याच्यासोबत आला, जिंकलेल्या रकमेत वाटा घेऊन काम करणारा. १९९२ साली जपानी मोटार कंपन्यांनी मिळून सुमारे १० कोटी डॉलर देऊन विषय मिटवला. ते झाल्यावर रांग लागली. एकूण वसुली एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. यातलं तंत्र ध्यानात घ्या: मागणीपत्रं कॅमेरा किंवा स्कॅनर बनवणाऱ्याला जात नव्हती, ती वापरणाऱ्याला जात होती. मोटारवाला, दुकानदार, इलेक्ट्रॉनिक्सवाला. ज्याला स्कॅनरच्या आत काय आहे हे धड माहीत नाही, तो खटल्याचा खर्च आणि परवान्याची रक्कम यांची वजाबाकी करतो आणि चेक फाडतो. माझ्या एका निर्यातदार पक्षकाराला परदेशातून असंच एक पत्र आलं होतं (लेमेल्सनचं नव्हे, दुसऱ्याच कोणाचं). पत्र नम्र, रक्कम वकिलाच्या फीपेक्षा थोडी कमी. हा आकडा योगायोगाने तसा येत नाही.

शेवटी यंत्र बनवणारेच उभे राहिले. कॅमेरा-तपासणीतली कॉग्नेक्स १९९८ मध्ये कोर्टात गेली, पाठोपाठ सिम्बॉल टेक्नॉलॉजीज आणि बारकोडवाल्या आणखी काही कंपन्या. लेमेल्सन तोवर गेला होता, १ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅन्सरने. खटला त्याच्या फाउंडेशनशी झाला. पहिला प्रश्न असा होता की कायद्यात मुदत घातलेलीच नसेल तर “उशीर केला” म्हणून पेटंट नाकारता येतं का? जानेवारी २००२ मध्ये फेडरल सर्किट कोर्टाने (अमेरिकेत पेटंटची अपिलं ऐकणारं कोर्ट) दोन विरुद्ध एक मतांनी सांगितलं, येतं. आधार होता १९२३ आणि १९२४ सालच्या सुप्रीम कोर्टाच्या दोन निकालांचा. विरोधी मत न्यायमूर्ती पॉलीन न्यूमन यांचं, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही: संसदेने जे नियम लिहिले ते पाळून माणूस वागला, आता कोर्टाने मागून येऊन नवी अट का घालावी?

मग नेवाडा राज्यातल्या कोर्टात न्यायमूर्ती फिलिप प्रो यांच्यासमोर २७ दिवस सुनावणी झाली. १४ पेटंटं, ७६ क्लेम. २३ जानेवारी २००४चा निकाल तिन्ही बाजूंनी लेमेल्सनच्या विरोधात गेला. अर्ज आणि मंजुरी यांत १८ ते ३९ वर्षांचं अंतर, त्याला पटेल असं कारण नाही, म्हणून पेटंटं बजावता येणार नाहीत. क्लेमही अवैध, कारण वर्णन वाचून जाणकाराला ते यंत्र बनवता येत नाही. आणि शिवाय उल्लंघन झालेलंच नाही, कारण १९५४च्या यंत्रात वस्तू आधी नेमक्या जागी ठेवावी लागते. दुकानात बिस्किटपुडा कसाही फिरवला तरी स्कॅनर वाचतो. सप्टेंबर २००५ मध्ये अपिलातही उशिराचा मुद्दा कायम राहिला. त्या निकालातली एक ओळ मी विसरलेलो नाही. १९१४ ते २००१ या काळात सर्वात जास्त रेंगाळलेल्या पेटंट अर्जांची यादी केली तर पहिले तेरा क्रमांक लेमेल्सनचे येतात. एखाददुसरा अर्ज अडकला तर मी ऑफिसला दोष देईन. पहिले तेराच्या तेरा एकाच माणसाचे असतील तर तो अडकलेला नसतो, बसलेला असतो.

तरीही त्याच्या बाजूचं जे आहे ते सांगायलाच हवं. अर्ज वेगळे करा हे पेटंट ऑफिसनेच सांगितलं होतं, आणि वेगळे केलेले अर्ज लगेच टाका असं बंधन नव्हतं. २००५च्या निकालातही कोर्टाने मान्य केलं की अशा शेऱ्यानंतर पुढचा अर्ज अगदी शेवटच्या क्षणी टाकणं चूक नाही. नवे फायदे सिद्ध करायला वेळ लागतो, तेही चालतं. नुसती मंजुरी लांबावी म्हणून तेच तेच परत टाकत राहणं, हा गैरवापर. एकट्या माणसाकडे एका वेळी दहा अर्जांची फी भरायला पैसे नसतात हेही मी रोज पाहतो. आणि मिळालेला पैसा त्याने उधळला नाही. एमआयटीत ५ लाख डॉलरचा संशोधक पुरस्कार, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये शोध आणि नवनिर्मितीचं केंद्र, हे त्याच्या देणगीतलं. त्याच्या फाउंडेशनचं काम भारतातही झालं, आयआयटी मद्रासमधल्या ग्रामीण संशोधकांच्या उपक्रमाला त्यांची मदत होती. म्हणजे बारकोडवाल्या दुकानदारांकडून घेतलेले पैसे फिरून कुठे तरी आपल्याकडच्या कारागिरापर्यंत पोहोचले असतील. हिशेब असा सरळ कधी लागत नाही.

माझं मत विचाराल तर असं: तो संशोधक होता, यात शंका नाही. १९५४चं वर्णन त्याचंच. १९८०-९०मधले क्लेम मात्र इतरांनी बांधलेल्या यंत्रांकडे बघून लिहिलेले वाटतात, आणि ते त्याच्या वर्णनात मावत नव्हते. नुसत्या उशिरापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. खूप वाट पाहिलेल्या पेटंटाचा घात असाच होतो: जग पुढे जातं आणि वर्णन जागच्या जागी राहतं.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. रॉचेस्टरचा जॉर्ज सेल्डन हा स्वतः पेटंट वकील. त्याने ८ मे १८७९ रोजी मोटारगाडीचा अर्ज टाकला आणि ऑफिसच्या पत्रांना उत्तर द्यायची दोन वर्षांची मुदत असायची ती पुरेपूर वापरत राहिला. मंजुरी ५ नोव्हेंबर १८९५. म्हणजे साडेसोळा वर्षं, गाड्या रस्त्यावर यायला लागेपर्यंत. मग कारखानदारांची संघटना झाली, गाडीच्या किमतीवर सव्वा टक्का घेऊ लागली. बहुतेकांनी दिले, हेन्री फोर्डने नाही दिले. १९०९ साली तो हरला, जानेवारी १९११ मध्ये अपिलात जिंकला. कोर्टाने काय म्हटलं? पेटंट खरं आहे, पण ते ब्रेटन पद्धतीच्या इंजिनाच्या गाडीचं. फोर्डचं इंजिन वेगळं. ९३ वर्षांनंतर नेवाडात जे झालं तेच हे. वर्णन जुनं, यंत्र निराळं.

पण उशीर दिसला की लगेच बोट दाखवू नका, त्यासाठी गॉर्डन गूल्डची गोष्ट. नोव्हेंबर १९५७ मध्ये त्याने लेसरची कल्पना वहीत लिहून नोटरीचा शिक्का मारून घेतला. आधी यंत्र चालवून दाखवावं लागतं असा त्याचा गैरसमज झाला (तो लागत नाही, हे मी आठवड्यातून एकदा तरी कोणाला तरी सांगतो), म्हणून अर्ज एप्रिल १९५९ मध्ये गेला. तोवर लेसरवरच काम करणाऱ्या टाउन्स आणि शॉलो या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्येच आपला अर्ज टाकला होता. आधी कोण, या भांडणात गूल्डची वर्षं गेली. त्याचं पहिलं महत्त्वाचं अमेरिकन लेसर पेटंट १९७७ मध्ये आलं. तोपर्यंत लेसरचा धंदा मोठा झाला होता आणि त्याला खूप पैसे मिळाले. बाहेरून बघितलं तर हेही सबमरीनच. पण उशीर त्याच्या हातात नव्हता, आणि हक्क तो पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होता. म्हणून मी तारखांबरोबर हेही बघतो, की वाट पाहण्याची दोरी कोणाच्या हातात होती.

अमेरिकेने नियम बदलले ते १९९५ मध्ये. ८ जूनपासून टाकलेल्या अर्जांना मुदत पहिल्या अर्जापासून २० वर्षं. नोव्हेंबर २०००पासून बहुतेक अर्ज १८ महिन्यांनी उघडे होतात. या दोन गोष्टींनी लांबवण्यातला नफाच संपला, कारण बसून राहाल तेवढी स्वतःचीच मुदत जळते. अर्थात ८ जूनच्या आधी जुनी मुदत पकडायला झुंबड उडाली. गिल्बर्ट हायट हे त्यातलं सर्वात गाजलेलं नाव. याला १९९० मध्ये एका चिपवरच्या संगणकाचं पेटंट मिळालं होतं, मूळ अर्ज १९७०चा. त्याने त्या झुंबडीत शेकडो अर्ज टाकले. ते अकरा जुन्या अर्जांच्या छायाप्रती होत्या, आणि पुढे त्यातल्या क्लेमांची संख्या सुमारे १,१५,००० वर गेली. आकडा परत वाचा. मी एका अर्जात वीस क्लेम लिहिले की पक्षकार विचारतो, एवढे कशाला? हायटचं म्हणणं असं की ऑफिसनेच त्याला मुद्दाम रखडवलं, आणि नाजूक अर्जांवर वेगळी नजर ठेवणारी एक अंतर्गत यंत्रणा तिथे होती हे खरंच आहे. ती २०१५ मध्ये बंद झाली. पण २०२१ मध्ये फेडरल सर्किटने सांगितलं की सहा वर्षं किंवा जास्त विनाकारण उशीर असेल तर पेटंट ऑफिसचं नुकसान झालंच असं गृहीत धरता येईल. याउलट स्पीकर बनवणारी सोनोस आणि गुगल यांच्या भांडणात खालच्या कोर्टाने २०२३ मध्ये उशिरावरून सोनोसची पेटंटं निकामी ठरवली होती, ती ऑगस्ट २०२५ मध्ये अपिलात परत जिवंत झाली. म्हणजे हे हत्यार उगाच कोणावरही चालत नाही.

आता आपल्याकडे. भारतात लेमेल्सनसारखं कधी जमलंच नसतं, आणि यात आपण फार सोवळे होतो असं काही नाही. कायद्याची घडणच वेगळी होती. १९७०च्या कायद्यात मुदत १४ वर्षं (औषधं-खाद्यपदार्थांना त्याहून कमी), आणि ती पूर्ण वर्णन दाखल केल्याच्या तारखेपासून मोजायची. मे २००३ पासून ती अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं झाली. घड्याळ पहिल्यापासून सुरू, त्यामुळे दडून बसण्यात अर्थ नाही. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती करताना क्लेम आधीच्यापेक्षा रुंद करता येत नाहीत, फक्त अरुंद करता येतात. माझ्या मते हीच आपल्याकडची सर्वात भक्कम कडी आहे. अर्ज फोडून वेगळा डिव्हिजनल टाकता येतो, पण मूळ अर्ज मंजूर व्हायच्या आत, खरोखर एकापेक्षा जास्त शोध असतील तरच, आणि मुदत मूळ अर्जाचीच. वेगळा शोध मूळ क्लेममध्येच दिसायला हवा की वर्णनात असला तरी पुरे, यावर बरीच वर्षं घोळ होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने वर्णनात असलं तरी चालेल असं सांगितलं.

आपल्याकडे मुदत ताणण्याचा खेळ होतो तो निराळ्या वाटेने, विशेषतः औषधांत: मूळ रेणूचं पेटंट संपत आलं की त्याच्या क्षारावर दुसरा अर्ज. क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनच्या बाबतीत मुंबईच्या पेटंट ऑफिसने मार्च २०२३ मध्ये असा अर्ज फेटाळला. क्षयातून बऱ्या झालेल्या दोन महिलांनी हरकत घेतली होती. तो वेगळा विषय आहे, कधी तरी सविस्तर लिहीन.

तर तुमच्या कल्पनेचं काय? इथे मला काही गोष्टी माहीत नाहीत आणि त्यांवर उत्तर फिरतं. कल्पना नोकरीच्या कामातून आली का? आली असेल तर नेमणूकपत्रातलं शोधांच्या मालकीचं कलम आधी वाचा, कदाचित अर्ज कंपनीच्या नावाने जाईल. कोणाला दाखवली का? माझ्याकडे भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्यांचं प्रकरण आलं होतं. त्यांनी यंत्र आधी प्रदर्शनात मांडलं, ब्रोशर वाटलं, आणि आठ महिन्यांनी माझ्याकडे आले. नावीन्य संपलेलं होतं, मला काही करता आलं नाही. तुम्ही अजून कोणाला दाखवली नसेल, तर यंत्र पूर्ण होण्याची वाट न बघता प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. तारीख मिळते आणि पूर्ण वर्णन द्यायला १२ महिने मिळतात. तेवढी कायदेशीर वाट बघा, ती मीही बघायला सांगतो. तपासणीची विनंती पहिल्या तारखेपासून ३१ महिन्यांत करावी लागते. २०२४च्या दुरुस्तीआधी ४८ होते, म्हणजे तिथलीही सवड कमी झाली आहे. परीक्षण अहवाल आला की उत्तराला सहा महिने, मुदतवाढ मागून थोडे जास्त. लांबवायला जागाच नाही, आणि लांबवलंत तर वीसातली वर्षं तुमचीच जातात.

वर्णनात कंजुषी करू नका, एवढं मात्र लेमेल्सनकडून उलट्या बाजूने शिका. झाकण तिरकं आलं तर काय, दिवा बदलला तर काय, कॅमेऱ्याऐवजी दुसरा सेन्सर लावला तर काय, हे आजच लिहा. नंतर सुचलेलं जुन्या तारखेत घुसवता येत नाही.

आणि साहेबांना सांगा, कॅमेऱ्याने तपासायची कल्पना १९५४ साली लेमेल्सनने लिहिली होती हे खरं. पण तुमच्या लाइनवर झाकण येईल तसं येतं, वाकडं, फिरलेलं, कधी उलटं. ते आधी नेमक्या जागी ठेवावं लागत असतं, तर ती लाइन त्याची होती.